दार फुकट, बसचं भाडं वेगळं

कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक कासव आहे. १९८८ साली वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, हार्लेक गावापाशी वाहून आलेलं. वजन ९१६ किलो. या जातीचं याहून मोठं कासव जगात कुठेही नोंदलं गेलेलं नाही. त्याच इमारतीत डायनोसॉर आहेत आणि व्हेलचा सांगाडाही आहे. म्हणजे चित्रं दाखवायला पोरांना घेऊन आलेल्या बाईंची पहिली कसोटी दारातच लागते. बाईंना वरच्या मजल्यावर रन्वार आणि मोने गाठायचे असतात, पोरांना कासव.

हा त्या म्युझियमचा अडसर वाटेल, पण खरं तर ती त्याची मोठी सोय आहे. निव्वळ चित्रांची गॅलरी म्हटली की अनेक घरांतली माणसं दचकतात. ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ हे वाक्य चंद्रपुरात जितकं ऐकू येतं तितकंच कार्डिफमध्येही येतं. कासव बघायला आलेला माणूस मात्र जिना चढून सहज चित्रांपर्यंत पोचतो. आईवडील कधी गॅलरीत गेलेले नसले तरी पोरगं शाळेच्या रांगेतून जातं, आणि पुढच्या रविवारी घरच्यांना ओढत घेऊन येतं. वेल्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयांना १ एप्रिल २००१ पासून प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे त्या रविवारी खिशाला हात घालावा लागत नाही.

‘अमगेद्वा कम्री’ हे या संस्थेचं वेल्श नाव. अर्थ सरळ आहे: वेल्सचं संग्रहालय. राजसनद १९०७ची, पायाभरणी १९१२ची, मग मध्ये पहिलं महायुद्ध आलं आणि काम रखडलं. रीतसर उद्घाटन व्हायला १९२७ उजाडलं. शहराच्या मधोमध, सिटी हॉलच्या शेजारी पांढऱ्या पोर्टलंड दगडाची ही इमारत उभी आहे. आज संस्थेकडे वेल्सभर सात संग्रहालयं आहेत. त्यांतलं एक चक्क कोळशाची खरी खाण आहे, ब्लॅनॅव्हनची ‘बिग पिट’. १९८० साली खाण बंद पडली आणि तीन वर्षांनी तीच संग्रहालय म्हणून उघडली.

कोळशाचा उल्लेख इथे उगाच आलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या चित्रांमागेही कोळसाच आहे.

लॅनडिनम गावचे डेव्हिड डेव्हिस लाकूड कापणारे करवती म्हणून सुरुवात करून रेल्वेचे ठेकेदार झाले, मग खाणमालक, आणि शेवटी कार्डिफच्या बंदराला टक्कर देणारी बॅरीची गोदी त्यांनी उभी केली. त्यांच्या दोन नाती, ग्वेंडोलिन आणि मार्गारेट. अविवाहित, धर्मभीरू, दारूला न शिवणाऱ्या, रविवार काटेकोर पाळणाऱ्या. अशा घरातल्या मुली पॅरिसमधल्या नव्या, नावं ठेवल्या गेलेल्या चित्रकारांची चित्रं घेतील असं कुणाला वाटलं नसतं. १९०८च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली आणि पंधरावीस वर्षांत ब्रिटनमधला एक अव्वल संग्रह त्यांच्या घरात जमला. सेझानची दोन निसर्गचित्रं ग्वेंडोलिनने १९१८ साली घेतली, युद्ध चालू असताना. दोघी बहिणी तेव्हा फ्रान्समध्ये रेडक्रॉसच्या कॅन्टीनमध्ये सैनिकांना चहा-कॉफी देत होत्या.

१९१३ हे साल जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्या वर्षी बॅरीच्या गोदीतून १ कोटी १० लाख टनांहून जास्त कोळसा बाहेर गेला. त्याच वर्षी ग्वेंडोलिनने रन्वारचं ‘ला पारिझियेन’ विकत घेतलं. निळ्या झग्यातली ही पॅरिसची बाई १८७४च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात भिंतीवर होती. कार्डिफकर तिला आजही ‘निळी बाई’ म्हणूनच ओळखतात. त्याच वर्षी दोघींनी आपली चित्रं कार्डिफमध्ये लोकांना बघायला दिली, पण नाव जाहीर न करता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, शहराच्या उत्तरेला सेंगेनिथच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले. ती खाण डेव्हिस घराण्याची नव्हती. पण निळ्या बाईसमोर उभ्या राहिलेल्या शाळकरी पोराला तिची खरेदी आणि हा स्फोट एका दमात सांगणारा मार्गदर्शक मिळाला तर इतिहास आणि चित्रकला असे दोन वेगळे तास ठेवायची गरज उरत नाही.

दोघींच्या मृत्युपत्रांतून, १९५१ आणि १९६३ साली, २६० कलाकृती म्युझियमकडे आल्या. मराठी वाचकाला इथे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आठवावेत. तेही पदरचे पैसे घालून चित्रं जमवणारे, १९३८ साली गावच्या टेकडीवर संग्रहालय बांधणारे. फरक इतकाच की पंत स्वतः कुंचला धरत.

चित्रं जमली, इमारत झाली. पण शाळेचं काय? यासाठीची खटपट ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जोरात सुरू झाली. नॅन यंगमन नावाच्या चित्रकार आणि कलाशिक्षिका होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुलांना पुस्तकातली छापील चित्रं दाखवून भागत नाही, मूळ चित्र डोळ्यांसमोर हवं, आणि ते वर्गाच्या भिंतीवर रोज दिसायला हवं. १९४७ पासून त्यांनी ‘पिक्चर्स फॉर स्कूल्स’ ही प्रदर्शनं भरवली. जिल्ह्यांच्या शिक्षण समित्यांनी यायचं, समकालीन चित्रकारांची चित्रं परवडेल त्या किमतीत घ्यायची आणि शाळांत फिरवायची. १९५०च्या दशकात वेल्समधल्या शाळांसाठीही अशी प्रदर्शनं कार्डिफच्या याच संग्रहालयात भरली. म्युझियमची स्वतःची शाळा-सेवाही युद्धानंतरच्या वर्षांतलीच. तिच्यामुळे संग्रहातल्या वस्तू पेट्यांत बसून दूरच्या शाळांत जात. वेल्समधली खेडी डोंगरांत विखुरलेली; पोरांनी कार्डिफला यायचं म्हणजे दिवस मोडायचा. तेव्हा वस्तूंनाच प्रवास करायला लावला.

या कल्पनेचा पुढे सगळीकडे सांभाळ झाला असं नाही. पैसे आटले तशा इंग्लंडमधल्या काही जिल्ह्यांनी शाळांसाठी घेतलेली चित्रं लिलावात काढली. हर्टफर्डशरने २०१९ साली शेकडो विकली. दुसरीकडे २०१३ साली ‘मास्टरपीसेस इन स्कूल्स’ नावाचा उपक्रम झाला. मोने, टर्नर, लॉरी यांची खरी चित्रं एकेका दिवसासाठी शाळांमध्ये नेली गेली. कल्पना छान, पण एका दिवसाची पाहुणी ती. यंगमनबाईंचा आग्रह होता रोजच्या सहवासाचा, आणि तोच मुद्दा जास्त पटणारा आहे.

वेल्समध्ये शिक्षण हा तिथल्या सरकारचा विषय, लंडनचा नाही. ग्रॅहम डोनाल्डसन यांच्या २०१५च्या अहवालानंतर तिथे अभ्यासक्रम मुळापासून बदलायला घेतला आणि सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत नवा अभ्यासक्रम लागू झाला. विषयांची सुटी सुटी यादी गेली आणि सहा मोठी क्षेत्रं आली. त्यांतलं एक ‘अभिव्यक्तीच्या कलां’चं: चित्र-शिल्प, नृत्य, नाटक, संगीत आणि चित्रपट-डिजिटल माध्यम. म्हणजे चित्रकलेला गणित-विज्ञानाच्या शेजारी पाट मिळाला, शनिवारच्या शेवटच्या तासाची जागा नव्हे.

या अभ्यासक्रमात एक वेल्श शब्द वारंवार येतो: ‘कनेव्हिन’. मूळचा मेंढपाळांचा. डोंगरावरचं ठरावीक कुरण मेंढीच्या अंगवळणी पडतं, कुंपण नसलं तरी ती तिथेच चरते. ती तिची कनेव्हिन. शिक्षणात त्याचा अर्थ झाला: मुलाला जिथे आपलं वाटतं ती जागा, ती माणसं, तो इतिहास. शिकवणं तिथून सुरू करायचं. आता शिक्षकाने हे करायचं कशाच्या जोरावर? पाठ्यपुस्तकात प्रत्येक खोऱ्याची गोष्ट मावत नाही. इथे म्युझियम कामाला येतं, कारण त्याच्याकडे डोंगर रंगवणारा रिचर्ड विल्सन आहे, ग्वेन जॉनची शेकडो रेखाटनं आहेत आणि पोलंडहून निर्वासित म्हणून आलेला जोसेफ हरमनही आहे. १९४४ साली तो इस्त्रडगन्लाइस या खाणगावात गेला, अकरा वर्षं राहिला आणि खाणीतून वर येणाऱ्या माणसांची चित्रं काढत राहिला. गावाने त्याला ‘जो बाख’ म्हणजे धाकटा जो करून टाकलं.

चित्रासमोर नेमकं होतं काय? चांगल्या म्युझियम-शिक्षकाची पहिली अट अशी की लगेच काही सांगायचं नाही. पोरांना बसवायचं आणि विचारायचं, काय दिसतंय? मग, हे कशावरून म्हणतोस? मग, अजून काय? अमेरिकेत फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसन यांनी या प्रश्नांची रीतसर पद्धत बसवली, पण कुठल्याही जाणत्या ड्रॉइंग मास्तरांना ती आतून ठाऊक असते.

कार्डिफच्या भिंतीवर या खेळासाठी व्हॅन गॉगचं ‘पाऊस, ओव्हेर’ आहे. जुलै १८९०चं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच महिन्यातलं. उंचीच्या दुप्पट रुंद असा आडवा कॅनव्हास. पिवळी शेतं, दूर गावाची छपरं, काळे पक्षी, आणि सगळ्यावरून तिरक्या रेघांनी ओरबाडल्यासारखा पाऊस. जपानी ठशांच्या छापांत पाऊस असाच तिरक्या रेघांनी दाखवतात. तिथून तो व्हॅन गॉगकडे आला. कार्डिफच्या पोरांना पाऊस शिकवावा लागत नाही. पण पाऊस दिसतो कसा, त्याला रंग असतो का, तो वरून पडतो की आडवा येतो, यावर दहा मिनिटं वाद घालणं ही वेगळी गोष्ट. कोकणातल्या पोरांना इथे उभं केलं तर वाद अर्ध्या तासाच्या आत आटपणार नाही.

दुसरं चित्र अगदी चिमुकलं, जेमतेम वहीच्या पानाएवढं. वेल्श चित्रकार थॉमस जोन्सने १७८२ साली नेपल्समध्ये दिसलेल्या घरांच्या भिंती रंगवल्या. ना राजा, ना देव, ना सूर्यास्त. नुसत्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी. कागदावरचं हे तैलचित्र दीडशेहून जास्त वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ‘काय काढू?’ म्हणून पेन्सिल चावत बसलेल्या मुलाला यापेक्षा चांगलं उत्तर मिळणं कठीण.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा हात तयार केला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र: त्या शिस्तीचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण हजारो मुलं ‘ए’ ग्रेड घेऊन दहावीचे जादा गुण मिळवतात आणि तोवर त्यांनी एकही मूळ चित्र समोरून पाहिलेलं नसतं. हाताची परीक्षा होते, डोळ्याची राहून जाते.

डोळ्याच्या या शिक्षणाने खरंच फरक पडतो का, हे मोजायची संधी अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात मिळाली. तिथे २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं, आणि शाळांच्या सहलींचे अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त आले. मग चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला: काही शाळा गेल्या, काही राहिल्या. १२३ शाळांतल्या १०,९१२ विद्यार्थी आणि शिक्षकांची पाहणी झाली. सहलीला गेलेली मुलं काही आठवड्यांनीही चित्रांबद्दल बरंच सांगू शकत होती. न पाहिलेल्या नव्या चित्राकडे ती अधिक बारकाईने बघत होती. आणि सर्वांत जास्त फायदा खेड्यातल्या व गरीब शाळांतल्या मुलांना झालेला दिसला. अर्ध्या दिवसाची सहल, एवढ्यावर!

गरीब शाळांना सर्वांत जास्त फायदा, आणि सहलीला मुकण्याची पाळीही त्यांच्यावरच. म्युझियमचं दार फुकट असलं तरी दारापर्यंत नेणारी बस फुकट नसते. कार्डिफच्या उत्तरेच्या खोऱ्यांत खाणी बंद पडून पिढी उलटली, घराघरांत पैशाची ओढ आहे. शाळेने पालकांकडे बसचे पैसे मागायचे, आणि जे देऊ शकत नाहीत त्यांच्या मुलांनी त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी बसायचं, हा प्रकार कुठल्याही देशातल्या मास्तरांना ओळखीचा वाटेल. वेल्सची कलापरिषद आणि सरकार यांनी २०१५ पासून शाळांतल्या कलाशिक्षणासाठी जो कार्यक्रम राबवला त्यात ‘गो अँड सी’ नावाची एक छोटी योजना होती: शाळेने मुलांना प्रदर्शन, नाटक, गॅलरी दाखवायला न्यायचं आणि त्यासाठी एक हजार पौंडांपर्यंत अनुदान घ्यायचं. बसचं भाडंही त्यात बसे. कलाशिक्षणावरच्या जाडजूड अहवालांपेक्षा ही बसभाड्याची तरतूद जास्त शहाणपणाची वाटते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. २०१५ पासून त्यांचं ‘म्युझियम ऑन व्हील्स’ फिरतं: वातानुकूलित बसमध्येच प्रदर्शन मांडायचं आणि बस शाळेच्या आवारात नेऊन उभी करायची. कार्डिफच्या जुन्या पेट्यांचीच ही चाकं लावलेली बहीण.

भिंतीवर कोण असावं, हाही कलाशिक्षणातलाच प्रश्न. कार्डिफच्या गॅलरीत सर टॉमस पिक्टन यांचं भलंमोठं व्यक्तिचित्र होतं. वॉटर्लूच्या लढाईत पडलेला वेल्सचा वीर म्हणून. हेच पिक्टन त्रिनिदादचे गव्हर्नर असताना गुलामांशी क्रूर वागले आणि लुईसा काल्डेरॉन या चौदा वर्षांच्या मुलीचा त्यांच्या हुकमाने छळ झाला. म्युझियमने तरुण मंडळी आणि आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या गटांना सोबत घेऊन यावर विचार केला आणि २०२१ साली चित्र उतरवलं. त्या जागी लागलं आल्बर्ट हाउथहाउसनचं विल्यम लॉइड यांचं चित्र: कुंपणं छाटणारा, चर खणणारा वेल्श मजूर. सेनापती गेला आणि मोलकरी आला. पण पिक्टन कायमचे तळघरात गेले नाहीत. २०२२च्या ऑगस्टमध्ये ते चित्र नव्या दालनात, लाकडी खोक्यात ठेवून मांडलं. सोबत त्रिनिदादशी नातं असलेल्या कलाकारांकडून मुद्दाम करवून घेतलेली नवी कामं. फक्त चित्र काढून टाकलं असतं तर शाळेला बोलायला काही उरलं नसतं. खोक्यातल्या सेनापतीसमोर मात्र बोलायला पुष्कळ होतं, आणि ते बोलणं सोपं नव्हतं, हे कोणीही शिक्षक कबूल करेल.

तरी ही सगळी उभारणी किती नाजूक पायावर आहे हे २०२४च्या एप्रिलमध्ये दिसलं. संस्थेच्या मुख्याधिकारी जेन रिचर्डसन यांनी जाहीर सांगितलं की इमारतीची अवस्था आणि पैशांची तंगी पाहता कार्डिफचं म्युझियम बंद करावं लागू शकतं. छत गळतं, वादळाचा इशारा आला की कर्मचारी भिंतीवरची चित्रं उतरवायला धावतात. निदान नव्वद नोकऱ्या गेल्या. २०२५च्या फेब्रुवारीत यांत्रिक बिघाडाने दार काही दिवस बंदच राहिलं. गंमत अशी की बंद करायची भाषा झाली त्या २०२४च्या एप्रिलमध्ये भिंतीवर व्हॅन गॉगचं आत्मचित्र होतं. निळी बाई पॅरिसला पहिल्या प्रदर्शनाच्या दीडशेव्या वर्षाच्या सोहळ्याला गेली, बदल्यात ओर्से संग्रहालयाने हे चित्र पाठवलं, आणि त्याभोवती ‘सेल्फी’ हे सूत्र धरून प्रदर्शन उभं राहिलं. सेल्फी काढणाऱ्या पिढीला आत्मचित्राकडे नेणारा याहून सरळ रस्ता नसावा. पण पैसे कापायची वेळ आली की शाळांचे असे उपक्रम आधी कात्रीत सापडतात, कारण छत गळलेलं दिसतं, न झालेली सहल दिसत नाही.

आणि या म्युझियममध्ये एका मराठी माणसाचं काम लागून गेलं, त्याची गोष्ट राहिली. कार्डिफमध्ये २००४ पासून ‘आर्टेस मुंडी’ हा आंतरराष्ट्रीय कलापुरस्कार दिला जातो. २००८ साली तो म्हैसूरच्या एन. एस. हर्ष यांना मिळाला होता. २०२१च्या नवव्या फेरीत सहा कलाकार निवडले गेले, त्यांत प्रभाकर पाचपुते होते. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, घरात तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या. खैरागड आणि बडोद्याला शिकलेल्या या शिल्पकाराने हाती काय धरलं तर कोळसाच. भिंतीवर कोळशाने थेट काढलेली त्यांची माणसं अर्धी यंत्र असतात, अर्धी जनावरं. कुणाच्या धडावर डोक्याऐवजी भलतीच वस्तू. कार्डिफसाठी काम करताना त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांचा लढा आणि मोर्च्यांतले त्यांचे कापडी फलक समोर ठेवले. त्या वर्षी परीक्षकांनी पुरस्कार एकाला न देता सहाही जणांना मिळून दिला.

महामारीचं वर्ष होतं. प्रदर्शन मार्चमध्ये आधी पडद्यावर उघडलं, लोकांना दालनात जाता आलं ते मे महिन्यात. कोळशाच्या पैशातून आलेल्या रन्वार-मोनेंच्या त्याच इमारतीत सास्तीचा कोळसा लागला.

सास्तीच्या शाळेतल्या मुलांना मूळ चित्रांचं दालन पाहायचं तर जवळचं मोठं ठिकाण म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३चं, सगळा विदर्भ ज्याला अजब बंगला म्हणतो ते. अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढे. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात सवलत देते. जाऊन-येऊन एका दिवसात जमतं, पहाटे निघालं तर.